झमान आणि जमाना : एका जुन्या शब्दाची वाट
(सिनेगॉगच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



आपल्या सिनेगॉगला पन्नास वर्षे पूर्ण झाली. या निमित्ताने चार शब्द बोलावेत असे मंडळाने आम्हांला सांगितले. विषय कोणता घ्यावा याचा विचार करीत आम्ही इथेच, दारापाशी उभे होतो. समोर भिंतीवर तेफिलाच्या वेळांचा तक्ता लावला होता. त्याच्या डोक्यावर मोठ्या अक्षरांत एकच शब्द होता : झमानीम. पन्नास वर्षे आपण तो तक्ता पाहतो, मिन्हा किती वाजता म्हणून बोट फिरवतो आणि आत जातो. त्या शब्दाकडे थांबून कधी पाहिले नाही. तेव्हा ठरवले, आज याच शब्दावर बोलावे.

आपल्यापैकी जी मंडळी पन्नास-साठच्या दशकांत या देशात आली, त्यांना आठवत असेल. उल्पानमध्ये बसण्यापूर्वीच जे पाचदहा हिब्रू शब्द कानावर पडले, त्यांत हा एक होता. कुठल्याही कचेरीच्या खिडकीपाशी जावे तर आतला माणूस म्हणे, "एन झमान." वेळ नाही. आम्हांला वाटे, हा जमान्याबद्दल काही बोलतो आहे. राहायला जे घर मिळाले ते "झमानी" आहे असे सांगितले गेले. झमानी म्हणजे तात्पुरते. त्या तात्पुरत्या घरांत आपल्यापैकी कित्येकांच्या मुलांचे दात पडून पुन्हा आले. म्हणजे या शब्दाशी आपली पहिली ओळख काही गोड नव्हती. पण त्याच वेळी मनात एक गोष्ट टोचत राहिली, की हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. आजी म्हणायची, "आमच्या जमान्यात असं नव्हतं हो." तो जमाना आणि हा झमान, हे एकमेकांचे कोण लागतात?

उत्तर असे, की ते सख्खे नातलग आहेत. मराठीतला "जमाना" फारसीतून आला. फारसीत "झमान" आणि "झमाना" हे दोन्ही शब्द आहेत. अरबीतही "झमान" आहे. दख्खनमध्ये शतकानुशतके दरबारी कामकाजात फारसीचा वापर होता. त्या वाटेने तारीख, रोज, हप्ता, जमाना हे शब्द मराठीत येऊन मराठीच झाले. मराठीतल्या ज या अक्षराचे दोन उच्चार आहेत हे आपण जाणतोच. "जय" मधला ज वेगळा आणि "जोर" मधला वेगळा. "जमाना" म्हणताना आपण दुसरा ज वापरतो, आणि तो हिब्रूतल्या झायिन या अक्षराच्या अगदी शेजारी बसतो. म्हणून तर आपल्या कानाने तो शब्द पहिल्याच दिवशी ओळखला.

आता हिब्रूत हा शब्द कुठून आला ते पाहू. तोरामध्ये हा शब्द नाही. तोरामध्ये नेमलेल्या वेळेला "मोएद" म्हणतात. सूर्य, चंद्र आणि तारे निर्माण झाले ते कशासाठी, हे सांगताना पहिल्याच अध्यायात "मोअदीम" हा शब्द येतो. सणांनाही मोअदीम म्हणतात, आणि वाळवंटातला जो भेटीचा मंडप तो "ओहेल मोएद". म्हणजे मोएद हा फक्त वेळ नव्हे, ती ठरवलेली भेट आहे.

"झमान" हे नाम तानाखच्या हिब्रू भागात चारच ठिकाणी सापडते. एकदा कोहेलेतमध्ये, प्रत्येक गोष्टीला तिची वेळ असते हे सांगणाऱ्या प्रसिद्ध अध्यायाच्या आरंभी. एकदा नेहेम्याच्या पुस्तकात. आणि दोनदा एस्तेरच्या पुस्तकात, पुरीमचे दिवस दरवर्षी आपल्या ठरलेल्या वेळी पाळावेत असे जिथे लिहिले आहे तिथे. नेहेम्याची हकीकत तर मोठी मौजेची आहे. तो इराणच्या राजाचा प्यालेबरदार. यरुशलेमचा तट पडला आहे हे ऐकून त्याने राजाकडे जाण्याची परवानगी मागितली. राजाने विचारले, किती दिवस लागतील, परत कधी येशील? तेव्हा नेहेम्याने एक "झमान" ठरवून दिला. आपल्यातल्या ज्यांनी रेल्वेत, पोस्टात, गोदीत नोकऱ्या केल्या, त्यांना ही रजेच्या अर्जाची गोष्ट चटकन समजेल.

ही पुस्तके पाहिली की एक गोष्ट ध्यानात येते. एस्तेर शूशानची, नेहेम्याही शूशानचा. दानिएल आणि एझ्रा यांच्या पुस्तकांतल्या अरामी भागात हाच शब्द "झिमना" किंवा "झमान" या रूपांत पुन्हा पुन्हा येतो, आणि ती मंडळी बाबेल आणि इराणच्या राज्यातली. म्हणजे हा शब्द आपल्या लोकांना परदेशात मिळाला. पकडून नेलेल्या लोकांनी, परक्याच्या राज्यात राहून, परक्याच्या कचेरीत काम करताना तो उचलला.

मुळात तो कोणाचा, याविषयी विद्वानांत दोन मते आहेत. काहींच्या मते तो जुन्या इराणी भाषेतून अरामीत आला. दुसरे मत असे, की बाबेलच्या अक्कादी भाषेत "सिमानू" असा शब्द होता, त्याचा अर्थ योग्य वेळ, हंगाम. त्यावरून अरामी शब्द झाला आणि पुढे तो इराण्यांनी घेतला. बाबेलच्या पंचांगात तिसऱ्या महिन्याचे नावही सिमानूच होते. तो महिना आपल्याला चांगला माहीत आहे. तो आपला सिवान, ज्यात शावुओथ येतो. आपल्या महिन्यांची निसान, इय्यार, सिवान, तम्मूझ ही नावे बाबेलहून लोकांबरोबर आली, असे येरुशलमी तालमुदातच म्हटले आहे. यांतले कोणतेही मत खरे धरले तरी निष्कर्ष एकच निघतो. आपल्या तेफिलाच्या तक्त्यावरचा हा शब्द परदेशातून सामानात बांधून आणलेला आहे.

पुढे ओंकेलोसने तोराचा अरामी अनुवाद केला. तिथे त्याने मोएदसाठी "झिमना" हाच शब्द वापरला. ओहेल मोएद म्हणजे "मश्कन झिमना". अशा रीतीने बाहेरून आलेला पाहुणा घरच्या जुन्या शब्दाच्या शेजारी पाटावर बसला. आज सणाच्या दिवसांत रस्त्यात कोणी भेटला आणि म्हणाला, "मोअदीम लेसिम्हा", तर आपण उलट म्हणतो, "हागीम उझमानीम लेसासोन". एकाच्या तोंडी जुना शब्द, दुसऱ्याच्या तोंडी नवा, आणि दोन्हींचा अर्थ एक.

याच मुळापासून निघालेले इतर शब्द पाहा. लग्नाची पत्रिका ती "हझमाना", म्हणजे बोलावणे. तीन माणसे एकत्र जेवली की जेवणानंतरच्या आशीर्वादासाठी एकाने इतरांना बोलवायचे, ते "झिम्मून". हातात तयार असलेला पैसा, ज्याला आपण रोख म्हणतो, तो "मेझुमानीम". या सगळ्यांच्या पोटात नेमणे, ठरवणे, तयार ठेवणे, बोलावणे हा अर्थ आहे. तेव्हा झमान म्हणजे नुसती वाहून जाणारी वेळ नव्हे. कोणीतरी ठरवून ठेवलेली आणि आपल्याला जिचे बोलावणे आहे अशी वेळ.

आता प्रार्थनेकडे वळू. दानिएलच्या पुस्तकात सांगितले आहे, की राजाची मनाई झाली तरी तो घरी जाऊन, यरुशलेमकडे उघडणाऱ्या खिडकीपाशी, दिवसातून तीन वेळा गुडघे टेकून प्रार्थना करीत असे. "तीन वेळा" यासाठी तिथे जो शब्द आहे तो "झिमनीन तलाता". आपण आज शहरीत, मिन्हा, अर्वीत अशा तीन तेफिला करतो.

या तेफिलांच्या वेळा कशा मोजतात? कारण तक्त्यावर रोज वेगळे आकडे असतात आणि पुष्कळांना वाटते, हे गबाई आपल्या मनाने बदलतात. तसे नाही. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या वेळेचे बारा समान भाग करायचे. तो एक भाग म्हणजे "शाआ झमानीत". हा तास घड्याळाच्या तासासारखा ६० मिनिटांचा नसतो. या देशात हिवाळ्यातला सर्वांत लहान दिवस सुमारे १० तासांचा असतो. त्या दिवशी हा तास ५० मिनिटांचा भरतो. उन्हाळ्यातला सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वाचौदा तासांचा, तेव्हा हाच तास ७१ मिनिटांचा होतो. मुंबईत आणि कोकणात इतका फरक नव्हता. तिथे लहान दिवस सुमारे ११ तासांचा आणि मोठा सुमारे सव्वातेरा तासांचा. म्हणून इथे आल्यावर पहिल्या हिवाळ्यात शब्बाथ कधी लागला हे कळायच्या आतच लागे, आणि आपल्या बायकांची चुलीपाशी धांदल उडे.

मिन्हाची एक वेळ साडेनऊ तासांनंतर सुरू होते, तिला "मिन्हा केताना" म्हणतात. समजा हिवाळ्यात सूर्य सहा चाळीसला उगवला आणि दुपारी चार चाळीसला मावळला. ५० मिनिटांचा एक, असे साडेनऊ तास मोजले तर दोन पस्तीस होतात. उन्हाळ्यात सूर्य पाच पस्तीसला उगवला आणि सात पन्नासला मावळला, तर तीच वेळ पाच वाजायला सात-आठ मिनिटे कमी असताना येते. घड्याळात सव्वादोन तासांहून अधिक फरक, पण सूर्याच्या हिशेबाने दिवसाची तीच घटका.

सकाळच्या शेमासाठी तक्त्यावर दोन आकडे असतात, त्याचाही पुष्कळदा घोळ होतो. शेमा तिसऱ्या तासाच्या अखेरीपर्यंत म्हणावी, हे मिश्नात रब्बी यहोशुआंच्या नावाने दिले आहे. मात्र दिवस कधीपासून धरायचा यावर दोन पद्धती आहेत. सतराव्या शतकातल्या पोलंडमधील रब्बी अव्राहाम गोंबिनर, ज्यांना त्यांच्या ग्रंथावरून मागेन अव्राहाम म्हणतात, त्यांच्या पद्धतीने पहाट फुटल्यापासून रात्र पडेपर्यंत दिवस मोजतात. विल्नाचे गाओन (१७२०–१७९७) यांच्या पद्धतीने सूर्योदय ते सूर्यास्त. म्हणून पहिला आकडा लवकरचा आणि दुसरा उशिराचा. दोन्ही बरोबर आहेत. ज्याला जमेल त्याने पहिला पाळावा.

हे सगळे नवे आणि परके वाटते का? आम्हांला तर वाटत नाही. कारण आपल्या कोकणातल्या वाडवडिलांचा दिवसही असाच मोजला जाई. दिवसाचे चार प्रहर आणि रात्रीचे चार प्रहर. दिवस लहानमोठा झाला की प्रहरही लहानमोठा. बारा तासांचे चार प्रहर म्हणजे एका प्रहराचे तीन तास. तर शेमाची मुदत संपते ती नेमकी पहिला प्रहर संपताना. दोन प्रहर झाले की "दुपार", आणि हा शब्दच दोन प्रहरांचा बनला आहे. हिब्रूत त्याला "हत्सोत" म्हणतात. तिसरा प्रहर संपल्यावर जरा वेळाने मिन्हा केताना. एक तास म्हणजे अडीच घटका, या हिशेबाने साडेनऊ तासांच्या पावणेचोवीस घटका होतात. आणि रात्रीचे पहारे किती, तीन की चार, यावर तालमुदात वाद आहे. रब्बी यहूदा हन्नासी म्हणतात चार. आपल्या गावच्या रामोशालाही ते पटले असते.

महिन्यांचेही तसेच. आपला हिब्रू महिना नव्या चंद्रापासून सुरू होतो. महाराष्ट्रातला महिनाही अमावास्येनंतर प्रतिपदेला सुरू होतो. दोन्हीकडे चांद्र महिने आणि सौर वर्ष यांचा मेळ घालायला अधिक महिना धरतात. आपल्याकडे १९ वर्षांत ७ वेळा अदार दोनदा येतो, तिकडे सुमारे ३२-३३ महिन्यांनी अधिक मास येतो. म्हणून ज्यांच्याजवळ छापील लुआख नव्हता, त्यांनाही आकाशातला चंद्र आणि शेजारच्यांचे पंचांग यांवरून आपला सण ओळखता आला. पुरीमला आपल्याकडे "होळीचा सण" म्हणत. याची काही लोक थट्टा करतात. थट्टा करण्यापूर्वी त्यांनी लुआख उघडून पाहावा. पुरीम १४ अदारला, होळी फाल्गुनी पौर्णिमेला, म्हणजे बहुतेक वर्षी चंद्र एकच. २०२४ साली पुरीम २४ मार्चला होता आणि होळीही २४ मार्चलाच पेटली. २०२५ साली पुरीमच्या रात्री, १३ मार्चला, महाराष्ट्रात होळ्या पेटल्या होत्या. अधिक महिना दोन्हीकडे वेगवेगळ्या वेळी आला म्हणजे मात्र दोघांत एका महिन्याचे अंतर पडते. आपल्या पूर्वजांनी होळी पाळली नाही, त्यांनी होळीच्या चंद्रावरून पुरीम ओळखला.

हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी बेने इस्राएलांचा इतिहास १८९७ साली लिहून पुरा केला. तो छापला गेला १९३७ साली, आणि तोही तेल अवीवमध्ये. म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांच्या आधी आपला इतिहास या देशात येऊन पोहोचला होता. त्यांनी आपल्या जुन्या सणांची मराठी नावे नोंदवून ठेवली आहेत. नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण, शिळा सण, होळीचा सण, बिरड्याचा रोजा. एलूल महिन्याच्या उपासांना तर "रमजान" म्हणत. रोजा हा शब्दही फारसीच. त्याचे मूळ "रोज", म्हणजे दिवस. आणि तारीख या शब्दाचे मूळ चंद्र आणि महिना दाखवणाऱ्या जुन्या सेमिटिक धातूत आहे असे मानतात. त्याच धातूतून हिब्रूत "यारेआख" म्हणजे चंद्र झाला. पाहा, आपली आजी पंचांग न शिकता किती भाषांचे पंचांग बोलत होती.

यांतला "दारफाळणी" हा शब्द आम्हांला विशेष प्रिय आहे. किपूरच्या दिवशी आपले लोक पांढरे कपडे घालून, दारे लावून घरात उपाशी बसत, कोणाला शिवत नसत, कोणाशी बोलत नसत. म्हणून त्या सणाचे नाव दार लावण्यावरून पडले. किपूरच्या संध्याकाळी, सूर्य मावळताना जी शेवटची तेफिला होते तिचे नाव "नेइला". नेइला म्हणजे बंद करणे, वेशी लावणे. ज्यांच्याकडे ना माहझोर होता ना हझान, त्यांच्या बोलीत त्या दिवसाचे नाव आणि हिब्रूतल्या त्या घटकेचे नाव एकाच अर्थाचे निघाले. यावर आम्ही अधिक काही सांगत नाही. पण दरवर्षी नेइलाला आर्का उघडला की आम्हांला ती कोकणातली बंद दारे दिसतात.

आपल्या परंपरेप्रमाणे सात जोडपी नौगावच्या किनाऱ्याला लागली, बाकीची बुडाली, आणि त्यांच्याबरोबर पुस्तकेही बुडाली. राहिले काय? शब्बाथ, सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि शेमा. शेमाची पहिली ओळ जन्माला म्हटली, सुंतेला म्हटली, लग्नाला म्हटली, मयताला म्हटली. मिश्नाचे पहिलेच पान उघडले तर पहिलाच प्रश्न असा आहे, की संध्याकाळची शेमा कोणत्या वेळेपासून म्हणायची. जगभरचे विद्वान त्या प्रश्नावर शतकानुशतके बसले होते. आपल्या पूर्वजांकडे तो प्रश्नच पोहोचला नाही. त्यांच्याकडे शेमा होती, तिची वेळ हरवली होती. म्हणून त्यांनी ती सर्वच वेळांना म्हटली.

पुढे वेळाही मिळाल्या. दाविद रहाबी यांनी शिकवले असे आपण सांगत आलो. १७९६ साली मुंबईत सॅम्युएल दिवेकरांनी पहिले सिनेगॉग बांधले, जे पुढे शाआर हारहामीम म्हणून ओळखले जाते. १८४६ साली मुंबईत हिब्रू आणि मराठी हग्गादा छापली गेली. जोसेफ इझीकिएल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी प्रार्थनांची पुस्तके मराठीत आणली, म्हणून आपल्या आज्यांना आपण काय म्हणतो ते समजू लागले. मग आपण इथे आलो, आणि १९६० नंतरच्या काही वर्षांत आपल्यालाच विचारले गेले, की तुम्ही पुरते यहुदी आहात का. १९६४ साली तो प्रश्न निकालात निघाला. त्या दिवसांत आपल्यापैकी अनेकांनी एक गोष्ट केली, जिची आज कबुली दिली पाहिजे. आम्ही मुलांसमोर मराठी बोलणे कमी केले. होळीचा सण म्हणणे बंद केले, रोजा म्हणणे बंद केले. परक्यांनी हसू नये म्हणून आपले शब्द पेटीत घालून ठेवले. मुले हिब्रू शिकली ते उत्तमच झाले. पण नातवंडे आज विचारतात, आजी, बिरडे का करतेस तिशा बेआवला? आणि सांगायला कोणी उरत नाही.

म्हणून या झमान शब्दाची गोष्ट सांगावीशी वाटली. जो शब्द बाबेलच्या आणि इराणच्या परदेशात मिळाला, त्याची एझ्राला आणि नेहेम्याला लाज वाटली नाही. त्यांनी तो घरी आणला. तो पवित्र पुस्तकांत गेला, तेफिलात गेला, किद्दूशमध्ये गेला. पेसाह म्हणजे आपल्या सुटकेचा झमान, सुक्कोथ म्हणजे आनंदाचा झमान, असे आपण दरवर्षी म्हणतो. बाबेलहून आणलेले शब्द जर एवढे मोठे होऊ शकले, तर नागाव, रेवदंडा, पेण, पनवेलहून आणलेल्या शब्दांनी पेटीत का राहावे?

झमानचा आणखी एक अर्थ सांगून संपवतो. सणाच्या पहिल्या रात्री, नवे फळ खाताना, नवे कपडे घालताना आपण एक आशीर्वाद म्हणतो. देवाने आपल्याला जिवंत ठेवले, उभे ठेवले आणि या वेळेपर्यंत पोहोचवले याबद्दलचा. आपण त्याला शेहेहेयानू म्हणतो. तालमुदात त्या आशीर्वादाचे नावच "झमान" आहे. किद्दूशचा क्रम सांगताना द्राक्षारस, किद्दूश, दिवा, हव्दाला आणि शेवटी झमान असे मोजतात. म्हणजे जुन्या लोकांच्या दृष्टीने वेळ मोजण्याची शेवटची रीत घड्याळ नव्हती. आपण इथवर पोहोचलो, हे ओळखणे हीच ती रीत होती.

मराठीतला जमाना आणि हिब्रूतला झमान यांच्यात एवढाच फरक आहे. जमाना मोठा असतो आणि तो जातो. आमचा जमाना गेला, असे आम्ही म्हातारी माणसे म्हणतो, आणि ते खरेच आहे. या सिनेगॉगच्या पहिल्या मिन्यानमध्ये जे दहाजण उभे होते, त्यांतले फार थोडे आज या खुर्च्यांवर आहेत. झमान मात्र लहान असतो आणि तो परत येतो. उद्या मिन्हा येईल, शुक्रवारी शब्बाथ येईल, तिश्रीत दारफाळणी येईल. फक्त त्या वेळी कोणीतरी हजर असावे लागते, कारण ते बोलावणे आहे.

तेव्हा दोन विनंत्या. पहिली तरुणांना. हिवाळ्यात मिन्हाला दहा माणसे जमत नाहीत आणि गबाईंना दारात उभे राहून रस्त्यावरच्या माणसांना हाक मारावी लागते. आठवड्यातून एक दिवस तरी या. तक्त्यावरची वेळ सूर्याने ठरवली आहे, ती आपल्यासाठी थांबत नाही. दुसरी विनंती आमच्या वयाच्या भगिनींना आणि बंधूंना. घरी गेल्यावर एक वही घ्या. आपल्या गावी कोणत्या सणाला काय म्हणत, काय शिजवत, कोणत्या दिवशी उपास करीत, मलिद्याला ताटात काय काय मांडीत, ते लिहून ठेवा. मराठीत लिहा. अक्षर वाईट असले तरी चालेल. नातवंडांना वाचता आले नाही, तर कोणाकडून तरी वाचून घेतील. नेहेम्याने राजाला मुदत सांगितली होती. आम्हीही सांगतो, पुढच्या नव्याच्या सणापर्यंत.

ज्यांनी हे घर उभे केले त्यांची आठवण आशीर्वादाची होवो. देवाने आपल्याला या झमानपर्यंत पोहोचवले, तसेच पुढच्याही पोहोचवो. आमेन. शालोम.